सगळ्यांचा आवाज सारखा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमच्यासमोर टेबलावर एक गोल बटण आहे. लिंबाएवढं, काळं, कडेला बारीक खाचा आणि मधे एक पांढरी रेघ. उजवीकडे फिरवलं की खोलीतला आवाज वाढतो, डावीकडे फिरवलं की कमी होतो. तुमचा हात त्या बटणावर आहे. समोर हॉलभर माणसं बसली आहेत आणि त्यांतली निम्मी तुम्हाला खुणा करताहेत, "वाढव! अगं वाढव!"

काय कराल?

लगेच उत्तर देऊ नका. भिंगरीनंही लगेच दिलं नव्हतं. आधी ती त्या बटणापर्यंत पोहोचली कशी ते तर ऐका.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. सहावीतली ही मुलगी एका जागी बसली आहे असं दृश्य कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून वाचनालयाच्या बाईंनी तिला हे नाव ठेवलं, आणि मग तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. शाळा सुटली की ती वाचनालयात यायची, कारण तिचे बाबा आणि आत्या संध्याकाळी तिथेच असायचे. मागच्या बाजूला एक खोली होती. पूर्वी तिथे जुनी वर्तमानपत्रं रचून ठेवत. आता भिंतीला लागून जुने संगणक मांडले होते, आणि त्यांच्यासमोर कानांना हेडफोन लावून मोठी माणसं बसलेली असायची.

बाहेरून पाहणाऱ्याला मोठी गंमत वाटे. खोलीत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि माणसं मात्र माना डोलवताहेत, टेबलावर बोटं आपटताहेत, मधेच कुणीतरी "वा!" म्हणून स्वतःचीच पाठ थोपटतंय.

ही सगळी संगणकावर संगीत तयार करायची. यांतल्या एकालाही कुठलं वाद्य वाजवता येत नव्हतं. संगणकात हव्या त्या आवाजाचे तुकडे घ्यायचे, एकापुढे एक, एकावर एक मांडायचे, कापायचे, ताणायचे, पुन्हा मांडायचे, असा त्यांचा उद्योग. बेकरीवाले काका होते. त्यांच्या संगीतात कणीक आपटल्यासारखे धपाधप ठोके असत. दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्या संगीतात सगळं किणकिण आणि बारीक सूं-सूं. "हे दात कोरण्याच्या मशीनसारखं वाटतं," असं कुणी म्हटलं की त्या दोन दिवस त्याच्याशी बोलत नसत. निवृत्त झालेले गणिताचे सर होते, ते पाढ्यांवरून ताल बसवत. भिंगरीचे बाबा बस चालवायचे, आणि दिवसभर हॉर्न ऐकूनही त्यांचं समाधान झालेलं नसावं, कारण त्यांच्या प्रत्येक रचनेत कुठे ना कुठे एक भोंगा असायचाच.

आणि कोपऱ्यातल्या संगणकावर आत्या. आत्या एका मोठ्या धुलाई कारखान्यात कामाला होती. शहरातल्या दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल तिथे धुवायला येत. संध्याकाळी ती यायची, चष्मा पुसायची, हेडफोन लावायची आणि शांत बसायची. मानसुद्धा डोलवायची नाही. तिचं संगीत कसं आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. तिनं ते कधी कुणाला ऐकवलंच नव्हतं.

एक दिवस वाचनालयाच्या बाई दारात उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवून म्हणाल्या, "पुरे झालं माना डोलवणं! आता गावालाही ऐकू द्या. प्रत्येकानं एक रचना द्यायची. सगळ्यांचा मिळून एक संग्रह करू. पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी दुपारी इथल्या हॉलमध्ये तो वाजवू, आणि नंतर वाचनालयाच्या वेबसाइटवर ठेवू."

संग्रहाचं नाव 'फावल्या वेळात' असं चटकन ठरलं. पुढचं मात्र काही केल्या ठरेना. सुरुवातीला कुणाची रचना? शेवटी कुणाची? कुणाच्या नंतर कुणाची? बेकरीवाले काका म्हणाले, "पहिली माझी. लोकांना आधी जागं तर करायला हवं." सर म्हणाले, "वयाचा काही मान?" बाबा म्हणाले, "बसमध्ये चढताना जशी रांग असते तशी..." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आतच डॉक्टरीणबाईंनी त्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं. एरवी त्या लोकांना उलटंच सांगतात.

"थांबा," वाचनालयाच्या बाई म्हणाल्या. "हे काम भिंगरी करेल."

"भिंगरी?"

"तिची स्वतःची रचना यात नाही. ज्याचं काही नाही त्यानंच निवाडा करावा."

"तिची नसेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण तिच्या बाबांची आहे. आत्याही इथेच बसते."

"मग तर उत्तमच! बाबांची बाजू घेतली तर आत्या रुसणार, आत्याची घेतली तर बाबा. बिचारीला सरळ वागण्यावाचून गत्यंतरच नाही."

सगळे हसले. भिंगरी मात्र हसली नाही. तिला एवढं मोठं काम आजवर कुणी दिलं नव्हतं. खुर्चीवरून टुणकन उठून तिनं सगळ्यांना सांगितलं, "रचना द्यायची म्हणजे द्यायचीच. सगळ्यांनी. आत्या, तू पण."

"मी आपली माझ्यापुरती करते गं," आत्या म्हणाली. "मला कशाला त्यात ओढतेस?"

मग भिंगरीनं तिची पाठच घेतली. सकाळी आत्या वेणी घालत असताना, जेवताना, कपडे वाळत घालताना, एकच घोषा. शेवटी आत्या म्हणाली, "देईन. पण एक अट. जशी देईन तशीच ठेवायची. हात लावायचा नाही."

"नाही लावणार. शप्पथ."

आत्यानं रचना दिली. भिंगरीनं हेडफोन लावले, सुरू केली, आणि वाट पाहत बसली. तिला वाटलं, अजून सुरूच झालेली नाही. मग लक्षात आलं की झाली आहे. फार लांबून यावेत तसे दोन स्वर येत होते, एक डाव्या कानात, एक उजव्या. हळूहळू जवळ येत, मधोमध भेटत, आणि पुन्हा लांब जात. अधूनमधून कापड सळसळल्यासारखं काहीतरी. बस, एवढंच. भिंगरीला ते आवडलं, पण का आवडलं ते सांगता आलं नसतं.

सगळ्यांच्या रचना गोळा झाल्यावर तिनं त्या एकापुढे एक लावल्या आणि मंडळींना एकत्र ऐकवल्या. तिथेच ठिणगी पडली.

"डॉक्टरीणबाईंच्या नंतर माझी येते," बेकरीवाले काका म्हणाले, "तर माझी अगदी मेल्यासारखी वाटते. आवाज कमी पडतोय. उद्या दुसरी आणून देतो."

दुसऱ्या दिवशी त्यांची मोठ्या आवाजातली रचना आली. ती ऐकून डॉक्टरीणबाईंनी आपली त्याहून मोठी आणली. सरांनी हिशेब करून दोघांहून मोठी आणली. मग बाबा कसे मागे राहतील? "मोठा आवाज म्हणजे काय ते मला विचारा," म्हणत त्यांनी जी रचना आणली तिच्यातला भोंगा वाजला तेव्हा पुढच्या खोलीत वाचत बसलेले एक गृहस्थ पुस्तक टाकून दाराबाहेर धावले.

फाइलींची नावंसुद्धा ऐकण्यासारखी होती. 'शेवटची'. मग 'अगदी शेवटची'. मग 'आता खरंच शेवटची'. आणि त्यानंतर 'हीच घे, बाकीच्या फेकून दे'. आवाज इतका चढला की ठोके फुटून खरखरायला लागले, जणू कुणी पत्र्यावर खडे ओततंय.

आत्यानं काही बदललं नाही. ती कोपऱ्यात बसून होती.

भिंगरी पार रडकुंडीला आली. घरी जाताना बाबाही सुरू झाले, "हे बघ, घरच्या माणसाचं एवढं तरी ऐक. बेकरीवाल्यापेक्षा जरासा, एवढासाच जास्त ठेव."

"बाबा!"

"बरं, बरं. गप्प बसतो."

दुसऱ्या दिवशी तिला एक युक्ती सापडली. संगणकातच एक सोय होती. सगळ्या रचना निवडायच्या, एका चौकोनावर टिचकी मारायची, की लहान-मोठे सगळे आवाज एका मापाचे. तिनं ती मारली. पडद्यावरच्या उंच-सखल रेघा पाहता पाहता एका उंचीच्या झाल्या, बागेतलं कुंपण माळ्यानं कातरावं तशा. भिंगरीनं सुटकेचा निःश्वास सोडला. सगळ्यांचा आवाज सारखा! आता कोण भांडेल?

आणि खरंच कुणी भांडलं नाही. काका म्हणाले, "डॉक्टरीणबाईंचा माझ्यापेक्षा जास्त नाही ना? मग झालं." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकांचा माझ्यापेक्षा जास्त नाही ना? मग झालं." सरांनी तर तिची पाठ थोपटली. "समान वाटणी! गणित पक्कं आहे मुलीचं."

संध्याकाळी घरी भिंगरीनं मोठ्या ऐटीत आत्याच्या कानांना हेडफोन लावले. "ऐक. तुझी पण लागते मधे."

आत्या ऐकत होती. तिची रचना आली तेव्हा तिच्या कपाळावर एक आठी उमटली. मग तिनं हेडफोन हळूच काढले आणि टेबलावर ठेवले.

"हे माझं नाही."

"अगं, तुझंच आहे! फक्त मोठं केलंय. सगळ्यांचं सारखं केलंय."

भिंगरीनं हेडफोन आपल्या कानांना लावून पाहिले. आता ते दोन स्वर लांबून येत नव्हते. दोघंही कानाशी उभे राहून बोंबलत होते. कापडाची ती सळसळ कढईत काही तळावं तशी चरचरत होती. जवळ येणं नव्हतं, लांब जाणं नव्हतं. नुसता गलका होता.

"सगळ्यांना सारखं दिलं यात बिघडलं कुठं?" बाबा स्वयंपाकघरातून म्हणाले.

"दादा," आत्या म्हणाली, "उद्यापासून तू भिंगरीचे बूट घालून बस चालव. घरात सगळ्यांचं माप सारखं." मग भिंगरीकडे वळून तिनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती रागावली नव्हती, आणि त्याचंच भिंगरीला जास्त वाईट वाटलं. "माझी रचना काढून टाक. बाकीचं छान झालंय."

मुलांनो, दिलेला शब्द खोडी करून मोडला तर माणूस माफी मागून मोकळा होतो. पण चांगलं करायला गेलो आणि शब्द मोडला, तर मग काय करायचं ते पटकन सुचत नाही. भिंगरीला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, शाळेला सुट्टी. सकाळी पाहते तो आत्याचा चष्मा घरीच राहिलेला. बाबा कामावर जायच्या गडबडीत होते. भिंगरी म्हणाली, "मी नेऊन देते."

कारखान्याच्या दाराशी पोहोचण्याआधीच तिच्या पायांखालची जमीन थरथरायला लागली. आत गेल्यावर तर तिला एखाद्या मोठ्या पिंपात बसवून बाहेरून कुणी बडवतंय असं वाटलं. खोलीएवढी धुलाईयंत्रं गरगरत होती, सुकवायची यंत्रं घोंघावत होती, लोखंडी गाड्या खडखडत होत्या. वाफेनं समोरचं धूसर दिसत होतं. डोक्याला पांढरे रुमाल बांधलेल्या बाया-माणसं कामात होती, आणि कुणीही तोंडानं बोलत नव्हतं. एकानं हवेत बोट फिरवलं, दुसऱ्यानं मान हलवली आणि यंत्र थांबवलं. एकीनं मनगटावर टिचकी मारली, दुसरीनं दोन बोटं दाखवली. सगळा कारभार हातांनी चालला होता.

आत्या एका लांब टेबलापाशी दुसऱ्या एका बाईबरोबर चादरींच्या घड्या घालत होती. दोघींनी एका चादरीचे दोन-दोन कोपरे धरले. मागे सरल्या. चादर ताणली गेली. मग दोघी एकमेकींकडे चालत आल्या, हाताला हात लागला, एकीनं आपले कोपरे दुसरीच्या हातात दिले, वाकून खालची कड उचलली, आणि पुन्हा मागे सरल्या. पुन्हा जवळ. पुन्हा लांब. चादर लहान होत गेली आणि ढिगावर जाऊन बसली. लगेच दुसरी चादर.

भिंगरी चष्मा हातात धरून जागच्या जागी उभी राहिली. एक डावीकडून, एक उजवीकडून. मधोमध भेट. पुन्हा लांब. हे तर तिनं ऐकलं होतं!

"आत्या!" ती ओरडली. तिचं ओरडणं तिलाच ऐकू आलं नाही. "आत्या, चष्मा!" कुणी वळूनही पाहिलं नाही.

शेवटी त्या दुसऱ्या बाईंचं लक्ष गेलं. त्यांनी हनुवटीनं खूण केली. आत्या आली, चष्मा घेऊन डोळ्यांवर चढवला, मग कानावरचा रुमाल बाजूला केला आणि खाली वाकून भिंगरीच्या अगदी कानाशी तोंड आणलं.

"इथे ओरडून कुणाला काही कळत नाही, भिंगरे. महत्त्वाचं सांगायचं असलं की जवळ जायचं."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता, हळू. आणि त्या सगळ्या गदारोळात भिंगरीला शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला.

मग भिंगरीनं टाचा उंचावून तिच्या कानाशी तोंड नेलं. "मी तुझी रचना पुन्हा होती तशी ठेवू?"

"ठेवून काय होणार? तुझे हे सगळे काका-मामा तिच्यावरून गाडी घेऊन जातील."

"त्यांचं मी बघते."

आत्या पुन्हा वाकली. "मला कुणी ऐकू नये असं नाही गं वाटत. उलट फार वाटतं, कुणीतरी ऐकावं. पण दिवसभर माझ्या कानांवर सगळं ओरडत असतं. मला कुणावर ओरडायचं नाही. एवढंच."

भिंगरी तिथून निघाली ती थेट बेकरीत.

काका मागच्या बाजूला होते. कणीक मळायचं मोठं मशीन धडधडत होतं आणि काका कोपरांपर्यंत पिठानं माखले होते.

"काय गं? आवाज पुन्हा कमी-जास्त झाला की काय?"

"काका, मला तुमच्याशी बोलायचंय," भिंगरी अगदी हळू म्हणाली.

"काय?"

"बोलायचंय तुमच्याशी," तिनं त्याहून हळू म्हटलं.

"अगं मोठ्यानं बोल की! घशात कापूस अडकलाय का?"

भिंगरीनं नुसते ओठ हलवले. काका वैतागले. त्यांनी मशीन बंद केलं, हात झटकले, आणि गुडघ्यांवर हात ठेवून तिच्यासमोर वाकले. "हं. आता सांग. काय झालं? कुणाला लागलं का?"

"नाही. पण बघा ना काका, तुम्ही मशीन बंद केलंत."

"मग? तू अशी पुटपुटतेस तर काय करू?"

"मी ओरडले असते तर केलं असतंत?"

पिठाच्या हातानं काकांनी डोकं खाजवलं, त्यामुळे त्यांचे केस एकदम म्हाताऱ्यासारखे दिसायला लागले. मग ते खो खो हसले. "ठकवलंस की मला! कुणी शिकवलं हे?"

मग भिंगरीनं त्यांना आत्याच्या रचनेची गोष्ट सांगितली. ती किती हळू आहे, मोठी केली की कशी मरते, आणि तिच्या आधी काकांचे ठोके वाजले तर ती मुळी ऐकूच येणार नाही. काका ऐकत होते. भट्टीकडे बोट दाखवून म्हणाले, "पाव बाहेर काढला की मी लगेच कापू देतो का कुणाला? नाही. निवू देतो. माझ्या रचनेत मी निवायला जागाच ठेवली नाही. धप धप धप, आणि संपलं. थांब तू. बघतो."

दुसऱ्या दिवशी काकांची नवी रचना आली. सुरुवात तीच, कणखर, धपाधप. पण शेवटाकडे ठोके विरळ होत जात, हलके होत जात, आणि शेवटचा तर एखादं पीस पडावं तसा. ती ऐकून डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. म्हणाल्या, "हे चांगलंय. माझीही जरा खाली घेते."

आता पुढचं काय सांगावं! ज्यांनी मोठ्या आवाजाची शर्यत लावली होती, त्यांनीच हळू आवाजाची लावली. डॉक्टरीणबाई काकांपेक्षा हळू झाल्या. सर त्यांच्यापेक्षा हळू. फाइली येऊ लागल्या, 'हळू', 'अजून हळू', 'चाहूल'. बाबांनी तर अशी रचना आणली की सगळे कान देऊन बसले तरी काही ऐकू येईना.

"बाबा, यात काही आहे का?"

"आहे तर! भोंगा आहे. फार लांब."

"किती लांब?"

"पुढच्या गावात."

शेवटी भिंगरीला दरडावून सांगावं लागलं, "पुरे! ज्याचा जेवढा होता तेवढाच द्या. बाबा, तुमचा भोंगा परत आणा. मला तो आवडतो." बाबांचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

यावेळी तिनं कुणाचीच रेघ कापली नाही की ताणली नाही. फक्त क्रम लावला. सुरुवातीला सरांचा पाढ्याचा ताल, मग बाबा आणि बाकीची मंडळी, मग बेकरीवाले काका, ते निवत आले की आत्या, आणि आत्यानंतर डॉक्टरीणबाईंची किणकिण, जागं करायला. आत्याची जुनी, मूळ फाइल तिनं जिथल्या तिथे ठेवली आणि त्यानंतर तो संगणक बंद करून खुर्ची उलटी लावली, कुणी हात लावू नये म्हणून.

ठरलेला रविवार उजाडला. दुपारी वाचनालयाचा हॉल भरला. बेकरीची गिऱ्हाइकं होती, बाबांच्या बसमधले रोजचे प्रवासी होते, डॉक्टरीणबाईंचे पेशंट होते, धुलाई कारखान्यातल्या चार-पाच जणी आल्या होत्या. पुढे टेबलावर ते काळ्या बटणाचं यंत्र, दोन बाजूंना दोन स्पीकर, आणि यंत्राशी भिंगरी. वर जुना पंखा खटक-खटक करत फिरत होता. आत्या अगदी शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. पिशवी मांडीवर, पट्टा हाताला गुंडाळलेला. निघायची तयारी करूनच बसावं तशी.

सरांचा ताल झाला, टाळ्या पडल्या. बाबांच्या भोंग्याला तर बसच्या प्रवाशांनी शिट्ट्याच मारल्या. मग काकांचे ठोके सुरू झाले, खिडकीच्या काचा थरथरल्या, पाय ठेका धरू लागले. आणि मग ठोके निवत गेले. विरळ झाले. शेवटचा पीस होऊन पडला.

आणि आत्याची रचना सुरू झाली.

पण ते कुणाला कळलं नाही. खटक-खटक, खटक-खटक, पंखा तेवढा ऐकू येत होता. कुणीतरी खुर्ची सरकवली. एक बाई शेजारणीला म्हणाली, "बंद पडलं वाटतं." मागून एक माणूस म्हणाला, "आवाज वाढवा हो!" मग दुसरा. बाबा उभे राहून हातवारे करू लागले. त्यांच्या बहिणीची रचना होती, ती कुणाला ऐकू येत नव्हती, आणि त्यांना राहवत नव्हतं. बोट हवेत उजवीकडे फिरवत ते ओठांनी म्हणत होते, वाढव! अगं वाढव!

भिंगरीचा हात बटणावर होता. पांढरी रेघ तिच्या अंगठ्याखाली होती. एवढंसं फिरवलं असतं तरी हॉलभर ऐकू गेलं असतं. तिनं शेवटच्या रांगेकडे पाहिलं. आत्या तिच्याकडेच पाहत होती. पट्टा हाताला अजून एक वेढा घेऊन घट्ट झाला होता.

आता तुम्हाला मी मघाशी विचारलेलं आठवतं ना? तुम्ही काय कराल?

भिंगरीनं बटणावरून हात काढला. ती उठली, भिंतीपाशी गेली, आणि तिनं पंखा बंद केला.

खटक... खटक... खट. पाती थांबली. हॉलमध्ये अशी शांतता पसरली की लोकांना आपापला श्वास ऐकू आला. आणि त्या शांततेत, फार लांबून, डावीकडून एक स्वर आला. उजवीकडून दुसरा आला. पुढच्या रांगेतले बेकरीवाले काका गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकले, बेकरीत वाकले होते तसेच. त्यांच्या शेजारचे वाकले. मग मागची रांग. बाबा उभे होते ते तसेच हळूच खाली बसले. कापड सळसळलं, आणि कारखान्यातल्या त्या बायांपैकी एकीनं चटकन दुसरीचा हात धरला.

दोन्ही स्वर मधोमध भेटले.

भिंगरी टेबलाकडे परत गेलीच नाही. भिंतीच्या कडेनं, चवड्यांवर, पावलांचा आवाज होऊ न देता ती शेवटच्या रांगेपर्यंत गेली. आत्याच्या मांडीवरची पिशवी तिनं उचलली, खाली जमिनीवर ठेवली, आणि शेजारच्या खुर्चीत बसली. शेवटची चादर घडी होऊन ढिगावर जाईपर्यंत ती जागची हलली नाही.